पोपच्या आत्म्यासाठी प्रार्थना कशाला? ख्रिस्ती श्रद्धेतला शेवटचा न्याय आणि तिथली बरोबरी

26 एप्रिल 2025 रोजी पोप फ्रान्सिस यांचा अंत्यविधी जगभर टीव्हीवर दिसला. सेंट पीटर्स चौकात राष्ट्रप्रमुख ओळीने बसले होते, आपल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मूही त्यांच्यात होत्या. ख्रिस्ती नसलेल्या अनेकांना मात्र एक गोष्ट कोड्यासारखी वाटली. जगातले सुमारे 140 कोटी कॅथलिक ज्यांना आपले सर्वोच्च धर्मगुरू मानत होते, त्यांच्यासाठीच प्रार्थना चालली होती की देवा, याला क्षमा कर, याला पदरात घे. पुढे नऊ दिवस रोममध्ये त्यांच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधले सामुदायिक प्रार्थनाविधी, होत राहिल्या. पोपना कसली आलीय क्षमा? ते तर सरळ स्वर्गात जायला हवेत.

ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे तसं काही ठरलेलं नसतं. पोप असो की पोपच्या खोलीत झाडू मारणारा, मेल्यावर दोघांना एकाच न्यायाधीशापुढे उभं राहायचं असतं आणि तिथे पद चालत नाही. ऐकायला हे सोपं वाटतं, पण आत शिरलं की बरेच प्रश्न उभे राहतात. चर्चमध्येच एवढी उतरंड का, पैसे घेऊन पापमुक्ती देणारेही होतेच ना, आणि भारतात तर ख्रिस्ती दफनभूमीतही जात गेली, त्याचं काय?

न्याय म्हणजे काय आणि तो कधी?

बहुतेक ख्रिस्ती पंथ दोन टप्पे मानतात. माणूस मरतो तेव्हा त्याच्या एकट्याचा न्याय होतो, आणि जगाच्या अंती ख्रिस्त पुन्हा येईल तेव्हा सगळ्यांचा एकत्र, म्हणजे शेवटचा न्याय. कॅथलिक श्रद्धेत यांच्या मध्ये आणखी एक अवस्था आहे, शुद्धिस्थान. देवाशी सख्य राखून मेलेला, पण अजून पुरता निर्मळ न झालेला आत्मा तिथे शुद्ध होतो, आणि त्याला जिवंत माणसांच्या प्रार्थनेची मदत होते. 2 नोव्हेंबरला वसईपासून गोव्यापर्यंत कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या दिसतात, त्या याच समजुतीतून. पोपसाठी नऊ दिवस मिस्सा झाल्या त्याही त्याचमुळे. प्रोटेस्टंट पंथ शुद्धिस्थान मानत नाहीत, त्यामुळे ते मृतांसाठी सहसा अशी प्रार्थना करत नाहीत.

मराठी वाचकाला इथे चित्रगुप्ताची वही आठवणार. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, वह्या उघडल्या जातात हे खरं, आणि त्या उघडताना ‘लहानथोर’ सगळे मृत सिंहासनापुढे उभे असतात. पण पापपुण्याची वजाबाकी करून शिल्लक पाहण्याचा हा हिशेब नाही. कुणीही स्वतःच्या पुण्याईवर पास होऊ शकत नाही, तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनेच होतं, हे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघंही मानतात. कृपेला माणसाच्या कृतीची साथ कशी आणि किती लागते, यावर त्यांच्यात पाचशे वर्षं वाद आहे. आपल्या विषयापुरता मुद्दा एवढाच, की जिथे पुण्याईसुद्धा आपली म्हणून मिरवता येत नाही, तिथे घराणं आणि हुद्दा कुठून मिरवणार?

व्हिएन्नातलं बंद दार

हा विचार विधीत कसा उतरतो ते पाहायचं तर 16 जुलै 2011 चा व्हिएन्नातला प्रसंग बघावा. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या शेवटच्या सम्राटाचा मुलगा ऑटो फॉन हाब्सबुर्ग 98 व्या वर्षी वारला होता. त्याची शवपेटी कापुचिन संन्याशांच्या चर्चच्या दारात आणली. या चर्चखालच्या तळघरात हाब्सबुर्ग घराण्याच्या कबरी आहेत. दार बंद होतं. विधी चालवणाऱ्याने काठीने तीनदा ठोठावलं. आतून संन्याशाने विचारलं, कोण प्रवेश मागतंय?

बाहेरून बिरुदावली सुरू झाली. ऑस्ट्रिया-हंगेरीचा एकेकाळचा युवराज, हंगेरी आणि बोहेमियाचा राजपुत्र, मग डाल्मेशिया, क्रोएशिया, गॅलिशिया करत करत लांबलचक यादी. आतून उत्तर आलं, आम्ही याला ओळखत नाही.

पुन्हा ठोठावलं, पुन्हा तोच प्रश्न. आता वंशपरंपरेने मिळालेलं सोडून स्वतः कमावलेलं सांगितलं गेलं. डॉक्टर ऑटो, युरोपीय संसदेचा ज्येष्ठ सदस्य, अमुक विद्यापीठांचा मानद डॉक्टर, तमुक शहरांचा मानद नागरिक. पुन्हा तेच, आम्ही याला ओळखत नाही.

तिसऱ्यांदा विचारल्यावर बाहेरचा म्हणाला, ऑटो, एक मर्त्य, पापी माणूस. मग दार उघडलं.

हे नाटक आहे, उघडच आहे. आत कोण येतंय हे संन्याशांना आठवडाभर आधीपासून माहीत होतं, आणि ज्याला कुणी ओळखत नाही अशा सामान्य माणसासाठी एवढा सोहळा कुणी करतही नाही. पण नाटकातली दुसरी पायरी मला फार नेमकी वाटते. वारशाने मिळालेला मोठेपणा नाकारणं आजच्या जगात सोपं आहे. स्वतःच्या कष्टाने मिळवलेलं नावही त्या दारात चालत नाही, हे पचायला जड जातं.

पोप फ्रान्सिस यांनी आपल्यापुरतं हे नाटकाविना केलं. पूर्वी पोपना एकात एक अशा तीन पेट्यांत ठेवायची रीत होती. 2024 मध्ये त्यांनी ती बदलून एकच लाकडी पेटी ठेवायला सांगितली, जस्ताचं अस्तर असलेली. जून 2022 च्या मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की कबर जमिनीत असावी, साधी असावी, आणि तिच्यावर फक्त ‘फ्रान्सिस्कुस’ एवढंच लॅटिन नाव असावं. ‘पोप’ हा शब्दही नाही. रोममधल्या सांता मारिया माजोरे या चर्चमध्ये ती कबर आहे, आणि पेटी तिथे पोचली तेव्हा पायऱ्यांवर पांढरे गुलाब घेऊन उभे होते ते बेघर, स्थलांतरित आणि कैदी. राष्ट्रप्रमुख मागे चौकातच राहिले होते.

समान वागणूक, पण समान हिशेब नाही

बायबलमध्ये या कल्पनेसाठी वारंवार येणारं वाक्य म्हणजे ‘देवाजवळ पक्षपात नाही’. येशूचा प्रेषित पौल याने रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात ते आहे, आणि मुळात ही ख्रिस्तपूर्व यहुदी शिकवण. लेवीय या पुस्तकातली आज्ञा तर दोन्ही बाजूंनी कापते. न्याय करताना गरिबाची भीड धरू नकोस आणि बड्याची मर्जी राखू नकोस. म्हणजे गरिबी हीसुद्धा न्यायासनापुढची सवलत नाही. ‘गरीब म्हणून स्वर्गात, श्रीमंत म्हणून नरकात’ असा सरळ हिशेब कुणी मांडत असेल, तर तो या परंपरेचा नव्हे.

मात्र सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका असंही नाही. हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा घ्या. प्रत्येक फ्लॅटला एकच मत, पेंटहाउसवाल्याला दोन मिळत नाहीत. पण खर्चाचा हिशेब विचारायची वेळ येते तेव्हा सगळे वळून खजिनदाराकडे बघतात, कारण चेकबुक त्याच्याकडे होतं. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, येशू हेच म्हणतो, ज्याला पुष्कळ दिलं आहे त्याच्याकडून पुष्कळ मागितलं जाईल. म्हणजे पदाने सूट मिळत नाही, उलट देणं वाढतं. पोपसाठी जास्त प्रार्थना व्हाव्यात यात मग विसंगती उरत नाही. चेकबुक त्यांच्याकडे होतं.

त्या श्रीमंताचा गुन्हा तरी काय होता?

लूकमध्येच सोळाव्या अध्यायात एक गोष्ट आहे. एक श्रीमंत माणूस, जांभळी वस्त्रं आणि तलम कापड नेसणारा, रोज चैनीत जेवणारा. त्याच्या दाराशी लाजर नावाचा भिकारी पडलेला, अंगभर फोड, कुत्री येऊन ते चाटायची. दोघं मरतात. लाजर यहुदींचा मूळपुरुष अब्राहाम याच्या कुशीत जातो, श्रीमंत यातनांच्या जागी.

गोष्ट नीट वाचली की लक्षात येतं, श्रीमंताने काही केलेलंच नाही. चोरी नाही, मारहाण नाही. लाजरला दारातून हाकलून दिल्याचाही उल्लेख नाही. तो फक्त रोज त्याच्या बाजूने ये-जा करत होता. आणि पुढे जे घडतं ते या गोष्टीचं मर्म आहे. यातनांत पडल्यावर तो अब्राहामाला म्हणतो, लाजरला पाठवा, बोटाचं टोक पाण्यात बुडवून माझी जीभ गार करायला सांगा. म्हणजे त्याला लाजरचं नाव माहीत होतं! इतकी वर्षं दारात पडलेल्या माणसाला तो नावाने ओळखत होता, आणि आता स्वतः खाली आणि तो वर असतानाही त्याला तो गडीच वाटतो, निरोप द्यायचा आणि पाणी आणवायचं. लाजरशी तो थेट बोलतही नाही. जग उलटलं तरी ह्याची उतरंड जागच्या जागी.

गोष्टीत नाव भिकाऱ्याला आहे, श्रीमंताला नाही. गावात नेमकं उलट असणार.

मत्तयच्या शुभवर्तमानात पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं वर्णन येतं तेही याच वळणाचं. मेंढपाळ मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो तसा राजा माणसांना उजवीडावीकडे करतो आणि सांगतो, मी भुकेला होतो, तहानेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो. दोन्हीकडचे लोक चकित होऊन विचारतात, प्रभो, तुला आम्ही असं केव्हा पाहिलं? उत्तर मिळतं, या अगदी कनिष्ठांपैकी एकासाठी जे केलंत, किंवा केलं नाहीत, ते माझ्यासाठीच. तेव्हा या न्यायात हुद्दा अजिबात निघत नाही असं म्हणणंही पुरतं बरोबर नाही. तो निघतो, पण तुमचा नव्हे. तुमच्याहून खाली जे होते, त्यांच्याशी तुम्ही कसे वागलात ते निघतं.

मग चर्चमध्येच एवढी पदं का?

हा आक्षेप रास्त आहे. पोप, कार्डिनल, बिशप, फादर अशी रचना असलेल्या संस्थेने समतेच्या गोष्टी सांगाव्यात का? चर्चचं उत्तर असं, की पद हे काम आहे, पुण्याईची पायरी नव्हे. हे तपासायला संतांची यादी बघता येते. आजवर 260 हून अधिक पोप झाले, त्यांतले संत ठरले सुमारे 80. आणि आपल्या वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया कधी पाद्रीसुद्धा झाला नाही. आधी व्यापारी, मग फ्रान्सिस्कन संघातला साधा ब्रदर. 1597 मध्ये जपानच्या नागासाकीत त्याला क्रुसावर मारलं गेलं आणि 1862 मध्ये तो संत घोषित झाला.

नवा पोप निवडताना सिस्टीन चॅपेलच्या भिंतीवर मायकेलअँजेलोने 1541 मध्ये पुरं केलेलं शेवटच्या न्यायाचं चित्र समोर असतं. मे 2025 मध्ये 133 कार्डिनल तिथे जमले. प्रत्येकाने मतपत्रिका टाकण्याआधी त्या चित्राखाली उभं राहून शपथ घेतली, की माझा न्याय करणार असलेल्या प्रभू ख्रिस्ताला साक्षी ठेवून मी हे मत देतो आहे. जगातल्या फार थोड्या निवडणुकांत मतदाराला स्वतःच्या खटल्याची आठवण करून दिली जाते.

राजसत्तेपुढे हे तत्त्व कधी टिकलं, कधी नाही. इसवी सन 390 मध्ये रोमन सम्राट थिओडोसियसच्या सैन्याने थेस्सलनीकात हजारोंची कत्तल केली, तेव्हा मिलानचे बिशप अॅम्ब्रोज यांनी प्रायश्चित्त घेतल्याशिवाय त्याला प्रभुभोजन, म्हणजे मिस्सेतला भाकरीचा प्रसाद, द्यायला नकार दिला, आणि सम्राटाने सर्वांदेखत पश्चात्ताप केला. पुढच्या सोळाशे वर्षांत राजांपुढे गप्प बसलेल्या बिशपांची यादी करायची तर ती फार लांबेल.

पैसे देऊन सुटका होत नव्हती का?

होत होती, निदान तसा बाजार भरत होता. इंडल्जन्स म्हणजे पापाबद्दलच्या शिक्षेत चर्चने दिलेली माफी. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ती देणगीच्या बदल्यात सर्रास वाटली जाऊ लागली, आणि त्यातला पैसा रोममधल्या सेंट पीटर्सच्या बांधकामालाही गेला. याच प्रकाराविरुद्ध मार्टिन लूथरने 1517 मध्ये 95 मुद्दे मांडले आणि चर्च दुभंगलं. पोप पायस पाचवे यांनी 1567 मध्ये पैशाशी जोडलेल्या इंडल्जन्स रद्द केल्या. मूळ कल्पना कॅथलिक श्रद्धेत आजही आहे, पण तिच्यासाठी पैसे घेता येत नाहीत.

आणि शेवटच्या क्षणी माफी मागणारा?

येशूच्या शेजारी क्रुसावर टांगलेला गुन्हेगार मरता मरता विनवतो आणि त्याला लगेच स्वर्गाचं वचन मिळतं. जन्मभर नेकीने वागलेल्याला हे अन्यायाचं वाटणारच. येशूच्या एका दाखल्यात द्राक्षमळ्यात सकाळपासून राबलेले मजूर याच कारणाने चिडतात, कारण संध्याकाळी तासभर काम केलेल्यालाही मालक तेवढीच मजुरी देतो. मालकाचं म्हणणं, तुमची ठरलेली मजुरी मी कापलेली नाही, माझं मी कुणाला द्यावं हा माझा प्रश्न. यावर समाधान होत नसेल तर तुम्ही एकटे नाही. ख्रिस्ती परंपरेतही हा दाखला वाचून सगळ्यांचं समाधान होतं असं नाही. पण समतेची ही दुसरी कड आहे. हुद्दा जसा चालत नाही, तशी ज्येष्ठताही चालत नाही.

देवापुढे समान, मग दफनभूमीत भिंत का?

सगळ्यात अवघड प्रश्न हा, आणि तो भारतातला आहे.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात प्रार्थनासभेचं एक दृश्य आहे. सोन्याची अंगठी घातलेला, झकपक कपड्यांतला माणूस आत येतो, त्याला म्हणतात, या, इथे चांगल्या जागी बसा. मळक्या कपड्यांतला येतो, त्याला म्हणतात, तू तिकडे उभा राहा, नाहीतर इथे पायांशी बस. याकोब लिहितो, असं केलंत तर तुम्ही दुष्ट विचारांचे न्यायाधीश झालात. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्याच पिढ्यांत हे लिहावं लागलं, म्हणजे ते घडत होतं.

भारतात ते जातीच्या रूपाने घडलं. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या आणि इतरांच्या कबरींमध्ये भिंत होती. गोव्यात कॉन्फ्रारी, म्हणजे चर्चचे सण आणि मिरवणुका सांभाळणारे मंडळ, बऱ्याच गावांत जातीप्रमाणे वेगळं राहिलं, आणि फेस्ताचा, म्हणजे चर्चच्या सणाचा, मान कुणाचा यावरून भांडणं झाली. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी डिसेंबर 2016 मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर करताना चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते हे लेखी कबूल केलं. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे दलित समाजातले पहिले कार्डिनल, आणि ते झाले 2022 मध्ये.

‘मेल्यावर सगळे सारखे’ ही शिकवण मग आजची भिंत सहन करायला लावणारी गुंगी नव्हे का? कधीकधी तशी वापरली गेली आहे, यात शंका नाही. गुलामांनी मालकाची आज्ञा पाळावी हे पौलाच्या नावाने असलेल्या इफिसकरांस पत्रातलं वाक्य अमेरिकेतले गुलामांचे मालक आवडीने वाचत. त्याच परिच्छेदात थोडं पुढे मालकांना बजावलं आहे, की तुमचा आणि त्यांचा धनी एकच आहे, स्वर्गात आहे, आणि त्याच्याजवळ पक्षपात नाही. ते वाक्य कमी वाचलं जायचं. याकोब तर थेट पगारावर येतो. शेतात कापणी केलेल्या मजुरांची तुम्ही बुडवलेली मजुरी ओरडते आहे, आणि ते ओरडणं देवाच्या कानी गेलं आहे, असं त्याचं म्हणणं. त्यात मेल्यानंतरचं काही नाही. मजुरी थकली आहे, ती द्या.

माझ्या मते शेवटच्या न्यायाची कल्पना गुंगीचं औषध ठरते की तगादा, हे ती कोण कुणाला सांगतंय यावर ठरतं. भिंतीच्या वरच्या बाजूचा माणूस खालच्याला सांगतो तेव्हा ती थोपवून धरणारी असते. खालचा वरच्याला सांगतो तेव्हा ती नोटीस असते. तिरुचिरापल्लीतल्या भिंतीविरुद्ध उभे राहिलेले दलित ख्रिस्तीही याच धर्माचे होते.

आणि ख्रिस्ती नसलेल्यांचं काय?

आपल्यापैकी बहुतेकांचा खरा प्रश्न हाच. यावर ख्रिस्ती जगात एकमत नाही. कॅथलिक चर्चने 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत म्हटलं, की ज्यांना स्वतःच्या दोषाविना ख्रिस्ताची ओळख झालेली नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. बरेच इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट हे मान्य करत नाहीत. ख्रिस्तावर विश्वास ठेवल्याशिवाय तारण नाही, असं ते ठामपणे सांगतात.

दोन्ही बाजू मत्तयचा तोच पंचविसावा अध्याय पुढे करतात. तिथे राजापुढे ‘सर्व राष्ट्रं’ जमलेली आहेत आणि कुणालाही धर्म विचारलेला नाही, असं पहिल्यांचं म्हणणं. ‘माझे हे कनिष्ठ बंधू’ म्हणजे येशूचे शिष्यच, तेव्हा प्रश्न त्या शिष्यांना कसं वागवलंत याचा आहे, असं दुसऱ्यांतल्या काहींचं. मूळ मजकुरात दोन्ही अर्थांना जागा आहे, आणि वाद चालू आहे.